जोडप्याने दोघांची फिशिंग कयाक घ्यावी का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. पुण्यात राहणाऱ्या एका ताईंनी तो विचारला आहे. त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लहानपणी वडिलांबरोबर तंगूस (नायलॉनची दोरी) आणि गरी (गळ) घेऊन गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जायच्या, आता रॉड-रील वापरतात. यजमान घाटावरचे. त्यांना माशांची फारशी ओढ नाही, पण पाण्यावर वल्हवत फिरायला मनापासून आवडतं. त्यांचं वजन 88 किलो, ताईंचं 54. नोकरीमुळे ते महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेरगावी असतात. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, गाडी लहान हॅचबॅक, आणि वेंगुर्ल्यात माहेरचं घर आहे, त्याला मोठी पडवी आहे. दोघांनी मिळून साडेतेरा फुटांची दोन आसनी फिशिंग कयाक पसंत केली आहे. ती नाही जमली तर 180 किलो क्षमतेची हवा भरायची दोन आसनी कयाक, असा दुसरा विचार आहे. ‘यातली कुठली घ्यावी, की घेऊच नये?’

ताई, मी मालवणजवळच्या कर्ली खाडीत बारा-तेरा वर्षं कयाक चालवतोय. त्यातली बरीच वर्षं बायकोबरोबर दोन आसनीत गरवलंय आणि अनेक जोडप्यांना पहिल्यांदा पाण्यात उतरवलंय. आधी उत्तर देतो, कारणं नंतर. दोन आसनी कयाक तुम्हा दोघांना जमेल, बहुतेक जोडप्यांपेक्षा चांगली जमेल. पण पहिली खरेदी म्हणून ती घेऊ नका.

बहुतेक लोक हा प्रश्न होडीचा समजतात. लांबी किती, खुर्ची कशी, रॉड ठेवायला किती जागा. माझ्या अनुभवात तो आधी माणसांचा असतो. दोघांपैकी कोण गरवणार आणि कोण नुसतं सोबत असणार, हे ज्यांना स्पष्ट माहीत असतं त्यांची दोन आसनी कयाक वर्षानुवर्षं वापरात राहते. दोघंही सारख्याच इर्षेने गरवणारे असतील तर मी सरळ सांगतो, दोन वेगळ्या कयाक घ्या. एकाच होडीतून दोन शिकारी निघाले की एकाला कांदळवनाच्या मुळांशी थांबायचं असतं आणि दुसऱ्याला प्रवाहाच्या कडेला. एकाचं आमिष खाली सोडलेलं असतं आणि दुसऱ्याला पुढे सरकायचं असतं. कुणाचंच मनासारखं होत नाही. परदेशात या होडीला ‘डिव्होर्स बोट’ असं नाव पडलंय ते यातूनच. मला ते नाव आवडत नाही, कारण दोष होडीचा नसतो. दोघांची सकाळ वेगवेगळी असते आणि ती एकाच सांगाड्यात कोंबलेली असते.

तुमचं तसं नाही. तुम्हाला मासा हवाय, त्यांना पाणी हवंय. ही जोडी दोन आसनीसाठी सगळ्यात चांगली. ती का, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या निर्णयातला निम्मा भाग इथेच आहे.

कांदळवनाच्या कडेने जिताडा किंवा तांबोशी गरवताना ल्यूर (खोटं आमिष) मुळांच्या जितका जवळ पडेल तितकं चांगलं. मासा सावलीत, मुळांच्या आत तोंड बाहेर करून उभा असतो. ओहोटी लागली की आतली कोलंबी आणि बारीक मासळी पाण्याबरोबर बाहेर येते, तेव्हा तो तिची वाट बघत असतो. तुम्ही काठापासून दहा-बारा मीटरवर असायला हवं, होडी काठाला साधारण समांतर हवी, आणि प्रवाह तुम्हाला ज्या वेगाने नेतो त्याहून हळू सरकायला हवं. एकट्याच्या कयाकमध्ये हे करताना अर्धा वेळ वल्हं हातात असतं. एक फेक टाकली, ल्यूर ओढलं, तोवर होडी फिरली. रॉड ठेवा, वल्हं घ्या, सरळ करा, पुन्हा रॉड घ्या. चांगल्या जागेसमोरून सरकताना जिथे दहा फेका पडायला हव्यात तिथे चारच पडतात.

मागे बसलेला माणूस जर लहान लहान वल्ह्यांनी होडी नुसती धरून ठेवत असेल, तर पुढच्याला सगळ्या फेका मिळतात. माझी बायको आणि मी असंच करतो. ती पुढे, मी मागे. ती बोलत नाही, रॉडचं टोक जिकडे नेते तिकडे मी होडीचं तोंड वळवतो. हे जमायला आम्हाला एक पूर्ण हंगाम लागला. जमल्यावर मात्र मी कुणाही जोडीदाराबरोबर दोन वेगळ्या कयाकमधून इतके चांगले मासे काढलेले नाहीत.

आणि होडी धरून ठेवणं हे दुय्यम काम नाही, हे तुमच्या यजमानांना आधीच सांगा. पाणी वाचणं, वाऱ्याची झुळूक होडीला लागायच्या आत ओळखणं, आवाज न करता वल्हं पाण्यात घालणं, हे सगळं त्यात येतं. ज्यांना नुसतं फिरायला आवडतं त्यांना हे काम बहुतेक वेळा भावतं, कारण शरीर आणि लक्ष दोन्ही गुंतलेलं राहतं. मात्र त्यांना जर फिरणं म्हणजे अंतर कापणं, कर्लीच्या मुखापासून नेरूरपारच्या पुलाकडे एका दमात जाणं वाटत असेल, तर एकाच वळणावर दीड तास थांबणं त्यांना जड जाईल. हे त्यांना विचारलंय का? तुमच्या पत्रात त्यांचं वजन आहे, नोकरी आहे, गाडी आहे. त्यांना सकाळ कशी घालवायला आवडेल ते मात्र नाही. खरेदीआधी मला तुमच्याकडून सगळ्यात जास्त हवी असलेली माहिती तीच आहे.

आता बसायच्या जागेबद्दल. साधा नियम असा की जड माणूस मागे. वजन पुढे गेलं तर होडीचं नाक पाण्यात रुततं आणि ती वळायला तयार होत नाही. तुमच्या दोघांत 34 किलोंचा फरक आहे, तो मोठा आहे. ते मागे बसले की नाळ, म्हणजे होडीचं नाक, वर उचलली जाईल आणि आडव्या वाऱ्यात पुढचं टोक सारखं वाहवत जाईल. म्हणून बर्फाची पेटी, पिण्याचं पाणी, जेवणाचा डबा असं जड सामान तुमच्या पायांपुढे ठेवायचं. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत कधी कधी नवरा पुढे बसण्याचा आग्रह धरतो, कारण त्याला ‘गरवायचंय’. तेव्हा होडी अशी चालते जशी बैलगाडीत सगळी पोती जुवाकडे लादली आहेत. तुमच्याकडे नशिबाने वजनाचा नियम आणि आवडीचा नियम एकाच बाजूला आहेत. गरवणारी हलकी आहे आणि पुढे आहे.

क्षमतेचा हिशोब मात्र कडक करा. दोघांचे मिळून 142 किलो. त्यात दोन लाइफ जॅकेट, दोन वल्ही, रॉड, ल्यूरचा डबा, चार-पाच लिटर पाणी, नांगर आणि त्याची दोरी, बर्फाची पेटी, सामान कोरडं ठेवणारी पिशवी. मी वजन करून पाहिलंय, साधारण 20 ते 25 किलो होतातच. म्हणजे 164-165 किलो. होडीवर लिहिलेला आकडा म्हणजे ती किती वजनाला तरंगते याचा आकडा, किती वजनाला ती नीट चालते याचा नव्हे. गरवताना माणूस वळतो, वाकतो, एका कुशीवर येतो. म्हणून मी लिहिलेल्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांवर थांबतो. त्या हिशोबाने तुम्हाला 235 किलोंच्या आसपास किंवा त्याहून जास्त क्षमता हवी. 180 किलोंची हवेची कयाक तुमच्या वजनाला नव्वद टक्क्यांवर भरते. शांत तळ्यात चालेल, खाडीत नाही. तिचा विचार इथेच सोडून द्या.

हवेच्या कयाकबद्दल आणखी एक सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणारे सगळे तिच्याकडेच वळतात. डिकीत मावते, तिसऱ्या मजल्यावर नेता येते, हे खरं आहे. आतल्या धरणाच्या पाण्यात ती बरी. पण आपल्या खाड्यांत खडपावर, पुलाच्या खांबावर, कांदळाच्या जुन्या मुळांवर कालवं असतात. कालवाची कड ब्लेडसारखी असते. ओहोटीला पाणी उतरत असताना होडी त्यावर घासली तर एका सेकंदाचं काम. त्यातून तुमच्या हातात तीन काट्यांचे हुक. चांगल्या प्रतीच्या, जाड कापडाच्या हवेच्या कयाक टिकतात, पण त्यांची किंमत आणि वजन दोन्ही कडक कयाककडे सरकायला लागतात.

हुकांचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरातला प्रसंग सांगतो. दुसऱ्या वर्षी मीही हट्टाने मागून ल्यूर टाकायचो. सकाळची वेळ होती, डाव्या काठाला मासा उसळताना दिसला आणि मी घाईत डोक्यावरून फेक घेतली. ल्यूर पुढे गेलंच नाही. बायकोच्या उजव्या खांद्यामागे दोन काटे शिरले, उलट्या काट्यापर्यंत. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, “हलू नको.” मी तंगूस कापला, तिने एका हाताने वल्हं धरलं आणि आम्ही पाऊण तास वल्हवत धक्क्याला आलो. डॉक्टरांनी भूल देऊन काटे काढले. डोळा तिथून एक वीतभर लांब होता, हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

ते माझ्या निष्काळजीपणामुळे झालं, पण त्यामागे साधं मोजमापही आहे. दोन आसनी कयाकमध्ये दोन खुर्च्यांमधलं अंतर साधारण दीड मीटर असतं. आपला रॉड साडेसहा-सात फुटांचा, म्हणजे दोन मीटर. मागच्याने डोक्यावरून रॉड फिरवला की त्याचं टोक पुढच्याच्या डोक्याच्या पट्ट्यातून जाणारच. तेव्हापासून आमच्या होडीत नियम आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी तो पाण्याबाहेर म्हणून घ्यायला लावतो. होडीचं नाक म्हणजे घड्याळातले बारा. पुढच्याने दहा ते दोनच्या मध्ये टाकायचं, तेही बाजूने, खालून. मागच्याने आठ-नऊ किंवा तीन-चार, आणि टाकण्याआधी मोठ्याने सांगायचं. डोक्यावरून फेक कुणीच घ्यायची नाही. सगळ्या हुकांचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट करायचे. मासा थोडा जास्त सुटेल, सुटू दे. दोघांनीही गॉगल लावायचा, ढग असले तरी.

तुमच्या यजमानांना कधी तरी गरवावंसं वाटलंच तर त्यांच्यासाठी सगळ्यात चांगलं म्हणजे जाता-येता ल्यूर मागे सोडून ओढत नेणं. रॉड मागच्या होल्डरमध्ये, दोघंही वल्हवताय, कुणाच्या डोक्यावरून काही जात नाही. खाडीच्या मधल्या खोल पट्ट्यात असाही मासा लागतो.

आणि लागला की? नवखी जोडपी बहुतेक इथेच पाण्यात पडतात. एका जोडप्याच्या गळाला मोठा जिताडा लागला, चांगला पाच-सहा किलोंचा असावा. जिताडा पाण्याबाहेर उडी घेतो, डोकं झटकतो, आणि कल्ल्याच्या कडेने तंगूस कापतो, म्हणून पुढे जाड लीडर (तंगुसाच्या टोकाला बांधायचा मजबूत तुकडा) हवाच. ती बाई छान खेळवत होती. मासा उजव्या बाजूला आला तशी ती उजवीकडे वाकली. मागे बसलेला नवरा मदतीला म्हणून हातजाळं घेऊन उजवीकडेच वाकला. दोघांचं मिळून दीडशे किलो एका कडेवर. होडी उलटली ती इतक्या शांतपणे की मी शेजारच्या कयाकमध्ये असून मला आधी कळलंच नाही. दोघं जॅकेटमुळे तरंगत होती, रॉड गेला, मासा गेला, मोबाइल गेला. त्या बाईंना पाण्याची भीती बसली, ती बसायचं काही कारण नव्हतं. कुणी तरी आधी एवढंच सांगायला हवं होतं की मासा ज्याच्या गळाला त्यानेच तो होडीपर्यंत आणायचा, त्याच वेळी दुसऱ्याने आपलं नाक होडीच्या मध्यरेषेवर ठेवून, वल्हं आडवं पाण्यावर सपाट धरून बसायचं. हातजाळं गरवणाऱ्याच्याच हाताशी हवं. आणि कल्ल्यात बोट घालायचं नाही, जिताड्याच्या कल्ल्याची पाती हात फाडते. ओठ पकडायचा चिमटा ठेवा.

दोन आसनी होडी रुंद असते, 34-36 इंच, त्यामुळे ती उलटत नाही असा समज आहे. रुंदीचा फायदा दोघं स्थिर असेपर्यंतच असतो. एका माणसाचं हलणं दुसऱ्याला आधी कळत नाही, हा तिचा स्वभाव आहे. म्हणून उभं राहून गरवण्याचे फोटो बघून ती घेऊ नका. एक जण उभा राहू शकतो, तेही दुसऱ्याने काहीच न करता बसायची तयारी ठेवली तर.

वल्हवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते तीन-चार खेपांत बसतं. पुढचा ताल देतो, मागचा तो पकडतो, उलटं नाही, कारण मागच्याला पुढचा दिसतो. वल्ही एकमेकांवर आपटत असतील तर दोष जवळजवळ नेहमी मागच्याचा. वारा असला की पुढच्याचं बोलणं मागे ऐकू येत नाही. आम्ही वल्ह्याने होडीवर टकटक करतो. एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे मागे घे. ‘थांब’ कुणीही म्हटलं की थांबायचं, कारण नंतर विचारायचं.

आता निर्णयातला दुसरा अर्धा भाग. मी पहिली खरेदी म्हणून नको का म्हणालो ते इथे आहे.

साडेतेरा फुटी दोन आसनी फिशिंग कयाक खुर्च्यांसकट सहज 40 किलोंच्या वर जाते. पायाने चालवायच्या पेडलची असेल तर त्याहून जड. ताई, तुमचे यजमान महिन्यातले दहा-बारा दिवस घरी नसतात, आणि गरवणाऱ्या तुम्ही आहात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्यांच्या रजा बघून ठरत नाही. चांगलं पाणी मंगळवारी असेल आणि ते नागपूरला असतील. त्या दिवशी ती होडी पडवीतून काढून, रेतीवरून ओढत, पाण्याला लावणं 54 किलोंच्या एका माणसाचं काम नाही. चाकांची ट्रॉली मदत करते, पण ओल्या चिखलात आणि दगडी पायऱ्यांवर ती थांबते. समजा पाण्यात उतरवलीत, तरी पुढे तुम्ही आणि मागची खुर्ची रिकामी, किंवा उलट. रिकामं टोक वाऱ्यावर पंख्यासारखं फिरतं. काही मॉडेलांत यावर उपाय असतो. ओशन कयाक कंपनीच्या मालिबू टू या 12 फुटी होडीत मध्ये तिसरी बैठक आहे, तिथे बसून एकट्याला ती वल्हवता येते. काहींत खुर्ची रुळावर सरकते. दोन आसनी घ्यायचीच झाली तर अशीच घ्या, आणि साडेतेरा नव्हे तर 12 फुटांच्या जवळपास, क्षमता मात्र तपासून. पण उचलण्याचा प्रश्न त्यानेही पूर्ण सुटत नाही.

त्यातून तुमची हॅचबॅक. गाडीच्या मॅन्युअलमध्ये छतावर किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं, कॅरिअरचं वजन त्यातच धरलेलं असतं. अनेक लहान गाड्यांत तो आकडा 50 किलोंच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. साडेतेरा फुटांची होडी लहान गाडीच्या पुढे-मागे लोंबत आंबोली किंवा गगनबावड्याचा घाट उतरणं मला मान्य नाही. कयाक वेंगुर्ल्याच्या पडवीतच ठेवा. उन्हात उघडी ठेवू नका, प्लास्टिक दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होतं. पाठीवर किंवा एका कुशीवर, रुंद पट्ट्यांवर टांगून ठेवा, एकाच बिंदूवर भार आला की ती तिथे दबते आणि मग सरळ चालत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. पहिली घ्या ती तुमच्यासाठी एक आसनी, साडेनऊ-दहा फुटांची, 25 किलोंच्या आतली, जी तुम्ही एकट्या ट्रॉलीवर घालून पाण्याला लावू शकाल. दोघं एकत्र असाल तेव्हा दोन आसनी भाड्याने घ्या. एक पूर्ण हंगाम असा जाऊ द्या. ऑक्टोबर ते मे या काळात दोघं मिळून किती वेळा पाण्यात उतरलात ते वहीत लिहा. आठ-दहा वेळा उतरलात आणि प्रत्येक वेळी त्यांनीच ‘पुन्हा कधी?’ असं विचारलं, तर पुढच्या दिवाळीला खुशाल दोन आसनी घ्या. तोवर तुम्हाला खुर्चीची उंची, वल्ह्याची लांबी, पेडल हवं की नको, हे दुकानदाराला विचारावं लागणार नाही. पेडलच्या होड्या, होबी कंपनीने 1997 मध्ये आणलेल्या मिराज ड्राइव्ह या पेडल यंत्रणेपासून पुढच्या, हात मोकळे ठेवतात हे मोठं सुख आहे. पण उथळ खाजणात, चिखलात आणि गवतात पेडलची पाती अडकतात, आणि मागचा माणूस होडी धरून ठेवणारा असेल तर पेडलची गरज निम्मी होते.

सुरक्षिततेच्या एका गोष्टीवर मी अडून बसतो. दोघांनी, कंबरभर पाण्यात, मुद्दाम होडी उलटवून पुन्हा चढून दाखवल्याशिवाय मी कुणालाही खोल पाण्यात सोडत नाही. ती उलटी झाली की दोघं एकाच बाजूला या, एकाने लांबच्या कडेचा पट्टा ओढायचा, दुसऱ्याने जवळची कड वर ढकलायची. सरळ झाल्यावर एक जण पलीकडच्या बाजूला जाऊन लटकतो, दुसरा पोटावर पडून पाय मारत वर येतो. हलका माणूस आधी. एवढ्या वेळात होडीवरचा हात कुणीच सोडायचा नाही, रिकामी कयाक वाऱ्यावर पोहणाऱ्या माणसापेक्षा वेगाने जाते. तुमच्या यजमानांना पोहता येत असलं तरी जॅकेटचे पट्टे आवळलेले हवेत. सैल जॅकेट पाण्यात कानापर्यंत वर येतं आणि माणूस त्यातच अडकतो. नांगर कधीही कडेला बांधू नका, नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाला, आणि दोरी कापायला सुरी जॅकेटवर असू द्या. वाहत्या पाण्यात कडेचा नांगर होडीला कुशीवर ओढून बुडवतो.

एक गोष्ट कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. चार तास होडीत बसल्यावर लघवीला जावं लागतं, आणि बायका त्यासाठी पाणी प्यायचंच टाळतात. उन्हात ते धोक्याचं आहे. माझी बायको पहिली दोन वर्षं हेच करत होती, मला कळलंही नव्हतं. डोकं दुखायचं, मळमळायचं, आणि मला वाटायचं की तिला ऊन लागलं. आता आम्ही दर दीड तासाने ओहोटीला उघडी पडणारी रेती किंवा ओळखीचा काठ गाठतो. जाण्याआधीच असे दोन थांबे ठरवा. खुर्च्या बदलायच्या असतील तर त्याही तिथेच बदला, पाण्यात कधीच नाही.

जागेबद्दल थोडंसं. मालवणच्या किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गळ घेऊन जाऊ नका. पुण्याजवळच्या धरणांत सराव करायचा असेल तर बहुतेक जलाशयांतले मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, वर पाटबंधारे खात्याची वेगळी बंधनं असतात. आधी परवानगी विचारा, नुसतं वल्हवायचं असलं तरी. आणि खाडीत कुणाची जाळी लावलेली दिसली की लांबून वळसा घाला. ते कुणाचं तरी घर चालवणारं पाणी आहे, आपण हौसेने आलेलो.

पहिली चाचणी कधी करायची ते सांगतो. थंडीत, पौष-माघात या. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी गुळगुळीत. अकराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि मुखाकडे परतताना तो थेट तोंडावर येतो. नवखी जोडपी तिथेच दमतात आणि तिथेच भांडतात. म्हणून भरतीबरोबर आत जायचं आणि ओहोटीबरोबर अकराच्या आत परत यायचं. तिथीची पाऊणपट, म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा तुमच्या वडिलांनी शिकवलेला हिशोब तुम्हाला आठवत असेल. एकादशीला पूर्ण भरती सव्वाआठच्या सुमाराला, द्वादशीला नऊला, आत खाडीत जरा उशिरा. पाण्याला ओढ असते, पण पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखी नाही. सकाळी सहाला उतरलात तर भरती तुम्हाला आत नेईल, पाणी फिरलं की कांदळाच्या कडेने तासभर गरवायला मिळेल, आणि ओहोटी परत आणेल.

तुम्ही पुढे बसा, ते मागे. पहिला अर्धा तास रॉड बाहेर काढूच नका, नुसतं वल्हवा. आणि घरी एकादशीला मासे चालत नसतील तर द्वादशीला या.